माजघरातली इंग्रजी, कचेरीतली इंग्रजी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१०६६ सालच्या नाताळातली गोष्ट. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये इंग्लंडच्या नव्या राजाचा राज्याभिषेक चालला होता. राजा परका होता. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील नॉर्मंडीचा हा ड्यूक विल्यम. दहाच आठवड्यांपूर्वी, १४ ऑक्टोबरला, हेस्टिंग्जच्या लढाईत राजा हॅरॉल्ड मारला गेला होता आणि राज्य विल्यमच्या हाती पडले होते. रिवाजाप्रमाणे जमलेल्या मंडळींना विचारायचे होते, की हा राजा तुम्हांला मान्य आहे ना? पण अडचण अशी, की काही जणांना इंग्रजी कळत होती आणि काही जणांना फ्रेंच. म्हणून प्रश्न दोनदा विचारण्यात आला. यॉर्कच्या आर्चबिशपने तो इंग्रजीत विचारला, कूतांसच्या बिशपने फ्रेंचमध्ये. होकाराचा मोठा गलका उठला. बाहेर पहाऱ्यावर असलेल्या नॉर्मन शिपायांना वाटले, आत दंगा उसळला. त्यांनी आजूबाजूची घरे पेटवून दिली! लोक जीव घेऊन बाहेर धावले आणि उरलेला विधी मूठभर धर्मगुरूंनी, थरथर कापणाऱ्या राजाच्या साक्षीने, कसाबसा उरकला.

एकच प्रश्न, दोन भाषांमधून. इंग्रजी शिकताना आपल्याला जो एक कायमचा पेच पडतो, त्याचे मूळ त्या दिवसापाशी जाऊन पोहोचते. 'बिगिन' म्हणायचे की 'कमेन्स'? 'बाय' की 'परचेस'? 'हाइड' की 'कन्सील'? शब्दकोश उघडावा तर दोहोंचा अर्थ एकच दिलेला. तरी बाजारातून येणाऱ्या इंग्रज बाईने 'मी बटाटे परचेस केले' असे म्हटले, तर शेजारीण तिच्याकडे चमकून पाहील. आपल्याकडे पाहुण्याने 'वहिनी, पेलाभर जल द्या' म्हटले तर घरात जी खसखस पिकेल, तोच हा प्रकार. पाणी आणि जल यांत पदार्थ एकच आहे. बदलते ती बोलणाऱ्याची बैठक.

ही बैठक ठरली कशी? विल्यमच्या मागून आलेले लोक संख्येने फार नव्हते, पण जमिनी, किल्ले आणि चर्चमधल्या मोठ्या जागा त्यांच्याकडे गेल्या. १०८६ मध्ये विल्यमने देशाची मोजदाद करवली, तिच्या 'डूम्सडे बुक' या दप्तरात मोठ्या जमीनदारांमध्ये इंग्रज नावे अगदी बोटांवर मोजण्याइतकी उरलेली दिसतात. दरबार फ्रेंच बोलू लागला, दप्तर लॅटिनमध्ये राहिले, आणि शेतात, गोठ्यात, चुलीपाशी इंग्रजी उरली. हे काही थोडे दिवस चालले नाही. इंग्रजी हीच ज्याची मातृभाषा होती असा राजा पुन्हा गादीवर आला तो १३९९ मध्ये, चौथा हेन्री. म्हणजे सव्वातीनशे वर्षे माजघराची भाषा वेगळी आणि कचेरीची वेगळी होती. अखेर फ्रेंच बोलणाऱ्यांची नातवंडे-पणतवंडे इंग्रजी बोलू लागली खरी, पण येताना हजारो फ्रेंच शब्द घेऊन आली. त्या शब्दांनी आपली जुनी बैठक सोडली नाही. कचेरीचे शब्द कचेरीचेच राहिले.

या संदर्भात गाय आणि गोमांसाचे उदाहरण हमखास दिले जाते. गोठ्यातली ती 'काऊ', ताटातले ते 'बीफ'. मेंढी 'शीप', तिचे मांस 'मटन'. डुक्कर 'पिग', त्याचे मांस 'पोर्क'. राबणारा इंग्रज, खाणारा नॉर्मन. वॉल्टर स्कॉटने १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडी हा मुद्दा घातला आणि तो जगभर झाला. उदाहरण झकास आहे, मात्र जरा जास्तच नीटनेटके आहे. मध्ययुगातल्या इंग्रजीत जिवंत मेंढीलाही 'मटन' म्हटलेले सापडते. जनावर आणि मांस यांची ही काटेकोर वाटणी पुढे कित्येक शतकांनी पक्की झाली. मला त्याहून बोलके वाटते ते 'हार्टी' आणि 'कॉर्डियल' हे जोडपे. दोन्हींच्या पोटात हृदय आहे. पहिल्यात इंग्रजी 'हार्ट', दुसऱ्यात लॅटिन 'कॉर'. दोन्हींना आपण 'हार्दिक' असेच म्हणू. पण 'हार्टी वेलकम'मध्ये यजमान पाठीवर थाप मारतो, आणि 'कॉर्डियल रिसेप्शन'मध्ये तो हात पुढे करून दोन पावले अंतर राखतो.

हे सारे शब्दांच्या गमतीजमतीपुरते असते तर मी आपला एवढा वेळ घेतला नसता. ज्या माणसावर खटला चालला आहे त्याला त्या खटल्यातले अक्षरही कळत नसेल तर काय? चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हेच चालले होते. वकील फ्रेंचमध्ये वाद घालत, निकाल लॅटिनमध्ये नोंदला जाई, आणि ज्याची जमीन जायची किंवा मान जायची तो इंग्रज शेतकरी एकदा याच्या तोंडाकडे पाही, एकदा त्याच्या. १३६२ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या पार्लमेंटने कायदा केला, की न्यायालयातला वादविवाद इंग्रजीत व्हावा. कारण दिले ते असे, की आपल्या बाजूने आणि आपल्या विरुद्ध काय बोलले जात आहे हेच लोकांना समजत नाही. आता गंमत पाहा, हा कायदा लिहिला गेला तो फ्रेंचमध्ये. वकिलांची ती मोडकीतोडकी फ्रेंच आणि दप्तरातली लॅटिन न्यायालयांतून पुरती हद्दपार व्हायला १७३३ साल उजाडावे लागले.

कायद्याच्या भाषेत या दुहेरी संसाराच्या खुणा अजून आहेत. मृत्युपत्राला 'विल अँड टेस्टामेंट' म्हणतात. 'विल' इंग्रजी, 'टेस्टामेंट' लॅटिनमधून आलेला. 'गुड्स अँड चॅटल्स', 'लँड्स अँड टेनेमेंट्स' यांतही पहिला शब्द इंग्रजी आणि दुसरा फ्रेंच. याने नाही समजले तर त्याने समजावे, अशी ही दुहेरी गाठ. थोडा भाग वकिलांच्या लिहिण्याच्या हौसेचाही असेल. आपल्याला मात्र हा प्रकार परका वाटायला नको. आपण 'कागदपत्रे' म्हणतो. त्यात कागद फारसीच्या वाटेने आला आणि पत्र संस्कृतातून. 'धनदौलत' तशीच आणि 'बाजारहाट'ही तसाच. ज्या भूमीवर राज्यकर्त्याची आणि रयतेची भाषा वेगळी होती, तिथे अशा जोड्या जमतातच.

फ्रेंचचा थर बसतो न बसतो तोच इंग्रजीवर तिसरा थर चढला. सोळाव्या शतकात ग्रीक-लॅटिन विद्येची लाट आली आणि पंडितांनी लॅटिनमधून शब्दांच्या गोण्याच्या गोण्या उतरवून घेतल्या. म्हणून काही ठिकाणी जोडीची तिकडी झाली. विचारणे या साध्या क्रियेसाठी 'आस्क' हा घरचा, 'क्वेश्चन' हा फ्रेंच आणि 'इंटरॉगेट' हा लॅटिन. आई मुलाला आस्क करते, पोलीस संशयिताला इंटरॉगेट करतात. राजाच्या बाबतीत 'किंगली', 'रॉयल' आणि 'रीगल' असे तीन मजले.

या तिसऱ्या मजल्यावर तेव्हाच दगडफेक झाली. अशा शब्दांना 'इंकहॉर्न' शब्द म्हणत, म्हणजे शिंगाच्या दौतीतून आलेले. तोंडातून न आलेले. १५५३ मध्ये टॉमस विल्सन याने वक्तृत्वकलेवरच्या आपल्या ग्रंथात एक विडंबनपत्र छापले. धर्मोपदेशकाची जागा मिळावी म्हणून एक गावाकडचा उमेदवार बड्या गृहस्थाला लॅटिन शब्दांनी फुगवलेला अर्ज करतो, अशी कल्पना. आपल्याकडच्या नोकरीच्या अर्जांची आठवण व्हावी असे ते पत्र आहे. पण काळाने विल्सनचीच थोडी थट्टा केली. त्या हास्यास्पद पत्रात त्याने मुद्दाम घातलेला एक शब्द होता 'सेलिब्रेट'. आज मराठी घरांतदेखील वाढदिवस 'सेलिब्रेट' होतात!

उलट टोकाला होता सर जॉन चीक. केंब्रिजचा ग्रीकचा प्राध्यापक, सहाव्या एडवर्डचा शिक्षक. म्हणजे परभाषेत सर्वांत मुरलेला माणूस. त्याने हट्ट धरला, की इंग्रजी शुद्ध हवी. बायबलच्या आपल्या भाषांतरात त्याने शंभर शिपायांच्या 'सेंच्युरियन'ला 'हंड्रेडर' केले आणि 'रेझरेक्शन'ला 'गेनरायझिंग'. दोन्ही शब्द आज कुणाला ठाऊक नाहीत. या बाबतीत आपले सावरकर अधिक यशस्वी म्हणायचे. त्यांचे 'महापौर' आणि 'दिनांक' रोजच्या वापरात आहेत.

या भांडणात सामान्य माणसाचे हाल काय झाले, ते १६०४ साली उघड झाले. रॉबर्ट कॉड्री नावाच्या शाळामास्तराने पहिला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश छापला. त्यात सुमारे अडीच हजार शब्द होते आणि सगळेच्या सगळे अवघड. साधे शब्द त्यात नाहीतच. शीर्षकातच त्याने सांगून टाकले, की हे पुस्तक मुख्यतः स्त्रिया आणि न शिकलेल्या मंडळींसाठी आहे. कारण उघड आहे. लॅटिन शाळेत मुलगे जात, मुली नव्हेत. आपल्याच भाषेतले प्रवचन समजण्यासाठी आपल्याच भाषेचा कोश घ्यावा लागावा, अशी वेळ त्या स्त्रियांवर आली होती.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल, की मोठा शब्द तो मोठ्या माणसाचा आणि साधा शब्द तो साध्या माणसाचा. विसाव्या शतकात या समजुतीला एक मजेदार धक्का बसला. ॲलन रॉस हे बर्मिंगहॅमचे भाषाशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९५४ मध्ये फिनलंडमधल्या एका विद्वज्जड नियतकालिकात इंग्रज उमरावांच्या बोलीवर लेख लिहिला. तो तिथेच धूळ खात पडला असता. पण लेखिका नॅन्सी मिटफर्ड, स्वतः उमरावाची मुलगी, हिने १९५५ मध्ये 'एन्काउंटर' मासिकात त्याची हकीकत सांगितली आणि सगळ्या इंग्लंडची झोप उडाली. कारण निष्कर्ष भलताच होता. उमराव श्रीमंताला सरळ 'रिच' म्हणतो, मध्यमवर्गीय 'वेल्दी' म्हणतो. उमरावाच्या तोंडात कवळी म्हणजे 'फॉल्स टीथ', मध्यमवर्गीयाच्या तोंडात 'डेंचर्स'. जेवताना पहिल्याच्या मांडीवर 'नॅपकिन' असतो, दुसऱ्याच्या मांडीवर 'सर्व्हिएट'. माणूस मेला तर उमराव 'डाइड' म्हणून मोकळा होतो. 'पास्ड ऑन' म्हणतो तो मध्यमवर्गीय.

ज्याची जागा पक्की आहे त्याला साधा शब्द परवडतो, असा याचा अर्थ मी घेतो. ज्याला आपण कुठे घसरू अशी धास्ती असते, तो जड शब्दाचा कठडा धरून चालतो. 'स्वेट' न म्हणता 'पर्स्पायर' म्हणण्यामागे हीच धास्ती असते. फाउलर या कोशकाराने १९२६ च्या आपल्या विख्यात भाषाकोशात या खोडीला 'जेन्टीलिझम' असे नाव देऊन ठेवले होते.

आणि आता आपल्या घरी येऊ. इंग्रजीशी आपली ओळख मुळात माजघरातून झालीच नाही, ती झाली कचेरीतून. कंपनी सरकारचा पत्रव्यवहार, मेकॉलेचे १८३५ चे टिपण, १८५७ चे मुंबई विद्यापीठ, मग कोर्ट, मामलेदार, रेल्वे. इंग्रज मूल आधी 'पुट ऑन', 'गिव्ह अप', 'लुक आफ्टर' शिकते आणि पुढे कधीतरी 'पोस्टपोन'शी त्याची गाठ पडते. आपण 'पोस्टपोन' आधी शिकलो. एवढेच नव्हे, तर त्याला भाऊ हवा म्हणून 'प्रीपोन'ही आपल्या इंग्रजीत रुजवला. 'पुट अप विथ' आपल्याला जड जाते आणि 'टॉलरेट' सोपे वाटते. इंग्रजाच्या पोराचे नेमके उलटे. यात आपला दोष नाही. 'टॉलरेट'ला एकच अर्थ, तो पाठ केला की झाले. पण 'पुट'च्या पुढे अप, ऑफ, आउट, डाउन लावले की दर वेळी वेगळाच प्राणी उभा राहतो. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला विचारा. दिवा लावणे, मन लावणे, वाट लावणे आणि लळा लावणे यांत 'लावणे' एकच कसे, हे त्याला कोण समजावणार?

याचा परिणाम असा, की आपण घरातही कचेरीची इंग्रजी बोलतो. आपल्याकडे माणूस 'एक्स्पायर' होतो. अगदी मराठी वाक्यातही, 'त्यांचे वडील परवा एक्स्पायर झाले'. बोलणाऱ्याच्या मनात आदर असतो. मेले म्हणवत नाही, म्हणून मऊ शब्द शोधलेला असतो. पण इंग्लंडातल्या माणसाच्या रोजच्या बोलण्यात एक्स्पायर होतो तो पासपोर्ट, नाहीतर दुधाची बाटली. त्याच्या जवळचे माणूस जाते तेव्हा तो 'डाइड' म्हणतो आणि गप्प बसतो. आपण शोकपत्रात 'सॅड डिमाइज' लिहितो. 'डिमाइज' हा मुळात मालमत्ता एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याविषयीचा कायद्याचा शब्द. लिहिणाऱ्याचे डोळे भरलेले असतात, आणि कागदावर मात्र फेरफाराची नोंद उतरते.

म्हणून 'नेहमी अस्सल इंग्रजी शब्दच वापरा' असा गुरुमंत्र देऊन मोकळे होता येईल का? फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये असे काहीसे सांगितले होते, पण तो नियम पुरा पडत नाही. 'टेबल', 'चेअर', 'पीपल', 'अंकल', 'आन्ट' हे सगळे फ्रेंचातून आलेले, आणि यांच्याइतके घरचे शब्द दुसरे नाहीत. शत्रूसाठी 'फो' हा अस्सल इंग्रजी शब्द कवितेपुरता उरला. रोजचा शब्द झाला तो फ्रेंच 'एनिमी'. दुसऱ्या महायुद्धात सरकारने स्वस्त सामुदायिक जेवणाची सोय केली आणि तिला 'कम्युनल फीडिंग सेंटर' असे नाव योजले. चर्चिलना ते ऐकूनच शिसारी आली. त्यात त्यांना साम्यवादाचा आणि अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसचा वास आला. १९४१ मध्ये त्यांनी सुचवले, 'ब्रिटिश रेस्टॉरंट' म्हणा. 'रेस्टॉरंट' हाही फ्रेंचच. पण ते नाव घेऊन आत शिरणाऱ्या कामगाराची मान खाली जाणार नव्हती.

युद्धानंतर इंग्रज सरकारने आपल्याच कारकुनांची भाषा सुधारायला काढली. सर अर्नेस्ट गावर्स या मुरलेल्या सनदी अधिकाऱ्याने १९४८ मध्ये 'प्लेन वर्ड्स' हे छोटे पुस्तक सरकारी नोकरांसाठी लिहिले, आणि ते वाचले मात्र साऱ्या देशाने. १९७९ मध्ये क्रिसी मेहर या बाईंनी लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये न समजणारे सरकारी फॉर्म जाहीरपणे फाडून 'प्लेन इंग्लिश'ची मोहीम सुरू केली. १९९९ मध्ये तिथल्या दिवाणी न्यायालयांनी 'प्लेंटिफ'ला निरोप देऊन 'क्लेमंट' आणला आणि 'इन कॅमेरा'ऐवजी 'इन प्रायव्हेट' म्हणायला सुरुवात केली. १३६२ पासून हिशेब केला तर हे काम सव्वासहाशे वर्षांहून अधिक चालले आहे. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत 'प्लेंटिफ' अजून सुखरूप आहे.

सरकारे साधा शब्द नेहमी विसरतात असे मात्र नाही. कधीकधी तो नीट ओळखून टाळतात. क्षमेसाठी इंग्रजीत तीन शब्द आहेत. 'सॉरी' हा सर्वांत जुना आणि घरचा. तो 'सॉरो', म्हणजे दुःख, यावरून आला असे वाटते, पण तसे नाही. तो 'सोअर'चा, म्हणजे ठणकणाऱ्या जखमेचा नातलग आहे. 'अपॉलॉजी' हा ग्रीक. त्याचा मूळ अर्थ आरोपीने स्वतःच्या बचावासाठी केलेले भाषण. आणि 'रिग्रेट' फ्रेंच. जुन्या फ्रेंचमध्ये मेलेल्यासाठी टाहो फोडणे असा त्याचा अर्थ होता. कचेऱ्यांतून फिरून फिरून तो इतका थंड झाला, की आज नोकरी नाकारल्याच्या पत्रात तो बसतो.

ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकात कित्येक दशके आदिवासींची मुले सरकारने आईबापांपासून तोडून नेली. १९९७ मध्ये चौकशी अहवाल आला, त्यात माफीची शिफारस होती. आदिवासींना हवा होता तो शब्द 'सॉरी'. १९९८ पासून 'सॉरी डे' पाळला जाऊ लागला. सामान्य लोकांनी 'सॉरी बुक्स'मध्ये हजारोंनी सह्या केल्या. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ मध्ये पार्लमेंटात ठराव मांडला, त्यात 'रिग्रेट' होते. 'सॉरी' म्हणायला त्यांनी ठाम नकार दिला. त्यानंतरचे पंतप्रधान केव्हिन रड १३ फेब्रुवारी २००८ रोजी कॅनबेराच्या पार्लमेंटात उभे राहिले आणि तो पाच अक्षरी इंग्रजी शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा उच्चारला. सभागृहात आणि बाहेर मोठ्या पडद्यांसमोर म्हातारी माणसे रडत होती. त्यांच्यातली कितीतरी तीच हिरावलेली मुले होती.

जालियनवाला बाग हत्याकांडाला शंभर वर्षे होण्याच्या तीन दिवस आधी, १० एप्रिल २०१९ रोजी, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्याविषयी बोलल्या. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी पूर्ण आणि स्पष्ट 'अपॉलॉजी'ची मागणी केली. ब्रिटिश सरकारच्या वतीने त्या दिवशी दिला गेलेला शब्द होता 'रिग्रेट'.